पाणवठ्यावरचा शब्द

पर्वताला कोणी काहीही म्हटले तरी त्याची उंची बदलत नाही. सह्याद्रीला सह्याद्री म्हणणारा शेवटचा माणूस नाहीसा झाला, तरी पावसाळ्यात त्याच्या कड्यांवरून पाणी कोसळतच राहील. परंतु नगराध्यक्ष, दत्तक पुत्र, चलनी नोट, दोन राज्यांमधील सरहद्द यांच्याबद्दल असे म्हणता यावयाचे नाही. दत्तकविधान झालेला मुलगा आदल्या दिवशी जसा होता तसाच दुसऱ्या दिवशीही असतो. नाक, डोळे, रंग यांत तिळमात्र फरक पडलेला नसतो. तरी त्याचे आडनाव बदलते, वारसाहक्क बदलतो, आणि श्राद्ध कोणाचे करावयाचे हेही बदलते. हा सारा फेरफार काही शब्द विधिपूर्वक उच्चारल्यामुळे घडून आलेला असतो. जगात काही वस्तू अशा आहेत, की ज्या शब्दांवाचून असूच शकत नाहीत. आणि माणसांच्या समाजात तर अशाच वस्तूंची दाटी आहे.

पाश्चात्य तत्त्वज्ञांनी या गोष्टीची नीट दखल घेतली ती तशी उशिराच. ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात जी व्याख्याने दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाक्य म्हणजे वस्तुस्थितीचे वर्णन, आणि म्हणून ते खरे तरी असावे किंवा खोटे तरी, ही जुनी समजूत त्यांनी या व्याख्यानांत मोडून काढली. ‘वचन देतो’ असे म्हणणारा मनुष्य कशाचेही वर्णन करीत नसतो, तो वचन देत असतो; त्याचे बोलणे हीच त्याची कृती. हाच धागा पुढे नेऊन जॉन सर्ल यांनी १९९५ मध्ये सामाजिक वास्तवाच्या घडणीवर एक ग्रंथ लिहिला आणि असे प्रतिपादन केले, की कागदाचा तुकडा हा पैसा ‘म्हणून धरला जातो’, आणि हे धरणे भाषेवाचून शक्यच नसते. आपल्याकडे भर्तृहरीने शब्दावाचून ज्ञानच संभवत नाही ही भूमिका कितीतरी शतके आधी घेतली होती. मीमांसकांनी तर वेदवाक्याचे मर्म वर्णनात नसून ‘असे करावे’ या प्रेरणेत आहे, हे सांगण्यासाठी एक संपूर्ण शास्त्रच उभारले.

हा विचार मोठा आकर्षक आहे खरा. परंतु त्यात एक धोका दडलेला आहे. सामाजिक वास्तव जर शब्दांनीच घडत असेल, तर शब्द बदलला की वास्तव बदलले, असे मानण्याचा मोह होतो. ठराव केला, कायदा केला, पाटी लावली, की काम झाले! दप्तरात ठराव असणे आणि गावात ठराव असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी कचेरीत काम करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. पण या दोहोंमध्ये नेमके अंतर कोणते, आणि ते कशाने तुटते, हा प्रश्न मात्र केवळ कारभाराचा नाही. तो भाषेच्या तत्त्वज्ञानाचा आहे. महाडच्या चवदार तळ्याची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ती इतिहास म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे. एका शब्दाची हकीकत म्हणून ती क्वचितच पाहिली जाते. तो शब्द म्हणजे ‘सार्वजनिक’.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव करणारी संस्था अधिकृत होती, सभा रीतसर भरली होती, मते मोजली गेली होती. ऑस्टिन यांनी कृतिवाक्य सफल होण्यासाठी ज्या अटी सांगितल्या, योग्य अधिकारी, योग्य प्रसंग आणि योग्य विधी, त्या जवळजवळ सर्व पुऱ्या झाल्या होत्या. आणि तरीही पुढील तीन वर्षे त्या तळ्यातून एकाही अस्पृश्याने ओंजळभर पाणी घेतले नाही. आसपासच्या खेड्यांतून बाजारहाटासाठी किंवा कचेरीतल्या कामासाठी महाडास येणाऱ्या महार-चांभारांना तहान लागली, की त्या तळ्याला वळसा घालून आपल्या वस्तीतील विहिरीकडे जावे लागे. इतर धर्मांच्या लोकांना मात्र त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. गुराढोरांनाही नव्हता.

आता १९२६ साली कोणी म्हटले असते, की ‘महाडचे तळे सार्वजनिक आहे’, तर ते विधान खरे म्हणावयाचे की खोटे?

दप्तर पाहिले तर खरे. पाणवठ्यावर जाऊन पाहिले तर खोटे. पर्वताच्या उंचीबद्दल अशी दोन उत्तरे संभवत नाहीत. मोजणाऱ्यांपैकी एकाची चूक झाली असे म्हणून मोकळे होता येते. येथे मात्र दप्तर लिहिणाऱ्याचीही चूक नव्हती आणि पाणवठ्यावर पाहणाऱ्याचीही नव्हती. ठरावातील शब्द आणि तळ्यावरील वहिवाट ही दोन्ही सामाजिक वास्तवाचीच अंगे; पण ती एकमेकांकडे पाठ फिरवून उभी होती.

ही स्थिती नीट समजून घेण्यास भारतीय शब्दशास्त्रातील एक जुना भेद फार उपयोगी पडतो. शास्त्रकार शब्दाचे दोन अर्थ मानतात : एक यौगिक, म्हणजे शब्दाच्या अवयवांवरून निघणारा, दुसरा रूढ, म्हणजे वापराने ठरलेला. ‘पंकज’ म्हणजे अवयवार्थाने चिखलात जन्मलेले काहीही. रूढीने मात्र केवळ कमळ. चिखलातल्या बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. जेथे या दोहोंत विरोध येतो, तेथे रूढी योगावर मात करते, असा सामान्य दंडक आहे. ‘सार्वजनिक’ याचा यौगिक अर्थ उघडच आहे : सर्व जनांचे. रूढ अर्थ महाडात होता ‘आमचे’. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ‘रूढी’ हा शब्द वैयाकरणाच्या तोंडी शब्दाचा ठरून गेलेला अर्थ सांगतो, तर वकिलाच्या तोंडी समाजाची ठरून गेलेली वहिवाट सांगतो. शब्दाची रूढी आणि समाजाची रूढी यांना मराठीत एकच नाव आहे, हा योगायोग नव्हे. दोहोंचे बळ एकाच ठिकाणाहून येते : पुष्कळांनी पुष्कळ काळ तसेच वागत आणि बोलत राहणे.

सर्वव्यापी शब्द वापरावयाचा आणि अर्थ मात्र आखडून घ्यावयाचा, ही रीत महाडकरांनी शोधून काढलेली नाही. तिचा एक अत्यंत सुसंस्कृत नमुना जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात सापडतो. स्वर्गाची इच्छा करणाऱ्याने यज्ञ करावा, असे वेदाने म्हटले. आता ही इच्छा कोणाला होत नाही? वाक्यात वर्णाचा उल्लेख नाही. बादरी नावाच्या आचार्याने सरळ म्हटले, की ज्या अर्थी वेदाने भेद केलेला नाही त्या अर्थी चारही वर्णांना अधिकार आहे. जैमिनीला हे मान्य झाले नाही. यज्ञाला अग्नी लागतो, अग्नीची स्थापना तीन वर्णांनाच सांगितली आहे, तेव्हा शूद्राजवळ अग्नी नाही आणि म्हणून अधिकारही नाही, असा त्याचा निर्णय. गंमत अशी, की त्याच अध्यायात त्याच पुल्लिंगी शब्दाचा अर्थ व्यापक करून पत्नीला पतीसह यज्ञाचा अधिकार दिलेला आहे. म्हणजे शब्द रुंदही करता येतो आणि अरुंदही. व्याकरण या कामी आडवे येत नाही. बादरीचे मत सूत्रग्रंथात नोंदले गेले ते पूर्वपक्ष म्हणून, खोडून काढण्यासाठी. तरी नोंदले गेले हेही थोडे नाही. शब्दाने जे म्हटले आहे ते तसेच घ्या, असे म्हणणारा एक आवाज त्या काळीही होता, एवढे त्यावरून कळते.

विसाव्या शतकातील तत्त्वज्ञानात रूढीच्या बाजूने सर्वांत प्रभावी युक्तिवाद लुडविग विट्गेन्स्टाइन यांचा म्हणावा लागेल, जरी त्यांच्या मनात हा हेतू मुळीच नव्हता. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात शब्दाचा अर्थ, बहुतेक प्रसंगी, त्याच्या वापरात पाहावा असा विचार आहे. तो महाडला लावला तर काय निष्पन्न होते? तळ्याचे पाणी भरणारे लोक ‘सार्वजनिक’ हा शब्द ज्या अर्थाने वापरीत होते, तोच त्याचा अर्थ. मग तळ्यावर हक्क सांगणारा अस्पृश्य मनुष्य अन्यायाविरुद्ध उभा नसून केवळ शब्दाचा चुकीचा वापर करीत होता, असे म्हणण्याची पाळी येईल! तत्त्वज्ञान इतके सोयीचे निघाले, की त्याची तपासणी पुन्हा एकदा करावी.

तपासल्यावर आढळते ते असे, की वापर हा कधीच एकजिनसी नसतो. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्यात सरदार, इनामदार, वकील अशा मंडळींचा भरणा होता, आणि ती मंडळी सर्व जनांच्या वतीने सरकारकडे अर्ज करीत होती. त्याच पुण्यात जोतीराव फुले यांनी आयुष्याच्या अखेरीस जो ग्रंथ लिहिला आणि जो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या नावात ‘सार्वजनिक सत्य धर्म’ हे शब्द आहेत. तेथे ‘सार्वजनिक’ या शब्दात स्त्री आहे, शूद्र आहे, अतिशूद्र आहे, परधर्मीयही आहे. एकच गाव, एकच भाषा आणि एकच शब्द. वापर मात्र दोन. तेव्हा वापरावरून अर्थ ठरतो हे खरे असले, तरी कोणाचा वापर, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो तेथूनच सुरू होतो. आणि या प्रश्नाचा निकाल कोशकार देऊ शकत नाहीत.

महाडला तो निकाल देण्याचा प्रयत्न २० मार्च १९२७ रोजी झाला. कुलाबा जिल्ह्यातील बहिष्कृत वर्गाची परिषद तेथे भरली होती. परिषद आटोपल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून सारे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्यायले. या कृतीत नवीन मागणी कोणतीच नव्हती. अर्ज नव्हता, विनंती नव्हती. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी उच्चारलेले वाक्य त्यांनी केवळ खरे धरले आणि ते खरे असते तर जसे वागावे तसे ते वागले. सावकारी पेढीवर हुंडी घेऊन जावे आणि ती वटवून मागावी, तसाच हा प्रकार होता. मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, विधिवाक्याला नुसता वक्ता पुरत नाही. ते आपल्यालाच सांगितलेले आहे असे मानून कृतीला प्रवृत्त होणारा अधिकारीही लागतो. १९२४ च्या ठरावाला त्या दिवशी त्याचे अधिकारी मिळाले.

नंतर जे घडले ते भाषेच्या दृष्टीने तितकेच बोलके आहे. लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्यानंतर तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून, मंत्रोच्चार करून, पाणी ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. पाण्याच्या रासायनिक घटनेशी या ‘शुद्ध’ शब्दाचा संबंध किती होता, ते शेण आणि गोमूत्र यांवरून समजावे. तो एक प्रत्युच्चार होता. एका कृतीने जो अर्थ खरा केला होता, तो दुसऱ्या कृतीने रद्द करावयाचा होता. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला. आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात काही रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला, त्यात प्रतिपादन काय होते? तळे सार्वजनिक नसून खाजगी स्वरूपाचे आहे, हे! शतकानुशतके मोकळे पडलेले तळे एका माणसाने पाणी पिताच खाजगी झाले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा जुना रूढ अर्थ आता टिकत नाही, हे विरोधकांनीही ओळखले होते. यौगिक अर्थ एकदा कोणी उच्चस्वराने आणि ओंजळीने सांगितल्यावर दोनच मार्ग उरले : तो अर्थ मान्य करणे, किंवा तो शब्दच सोडून देणे. त्यांनी दुसरा मार्ग धरला.

त्याच डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. न्यायालयाचा मनाई हुकूम असल्यामुळे या वेळी तळ्यावर जाण्याचे टाळण्यात आले. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेशी केली, आणि ते पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही, समतेची घटना घालण्यासाठी ही सभा आहे, असा भाव मांडला. तुलना सहज केलेली नव्हती. फ्रान्समधील त्या सभेने माणसाच्या हक्कांची जी घोषणा केली, तीही एक प्रकारे चुकीचे वर्णनच होती. माणसे त्या वेळी समान नव्हती. परंतु ती समान आहेत असे धरून चालणाऱ्यांचा एक समाज त्या घोषणेने घडवावयास घेतला.

तळ्याच्या दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये दिला. दहा वर्षे लोटली होती. खाजगीपणाचा मुद्दा टिकला नव्हता. वाद उरला होता तो रूढीचा. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आलेली आहे काय, हा प्रश्न न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे होता. तशी रूढी सिद्ध होत नाही, असे त्यांनी ठरविले. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. पण त्याचा पाया पाहण्यासारखा आहे. रूढी अन्याय्य आहे म्हणून ती बाजूला सारली असे नव्हे. ती पुरेशी जुनी असल्याचा पुरावा नाही म्हणून ती अमान्य झाली. आणखी काही शतकांचा कागद जर कोणी आणून दाखविला असता, तर? ‘सार्वजनिक’ या शब्दाचे भवितव्य जुन्या कागदांवर अवलंबून ठेवणे किती धोक्याचे, हे राज्यघटना लिहिणाऱ्यांनी जाणले असले पाहिजे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा असे एकेक नाव घेऊन सांगितले आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने तर यादी आणखी लांबविली : नदी, ओढा, झरा, विहीर, तळे, हौद, नळ. वाङ्मयाच्या दृष्टीने अशी वाक्ये रुक्ष असतात, आणि कायद्याच्या भाषेची थट्टा करणाऱ्यांना ती आयतीच सापडतात. परंतु ‘सर्व’ हा शब्द एकट्याने सोडला तर त्याचे काय होते, हे ज्यांनी पाहिले होते, त्यांना ‘नळ’ हा शब्द वेगळा लिहिण्याची गरज का भासली असेल, हे समजण्यास कठीण नाही.

येथवर यौगिक अर्थ न्यायाच्या बाजूने आणि रूढ अर्थ अन्यायाच्या बाजूने, असे चित्र दिसते. ते तसेच राहिले असते तर प्रश्न सोपा होता. पण याच हकीकतीतला दुसरा शब्द घ्यावा : ‘अस्पृश्य’. त्याची घडण मोठी फसवी आहे. दिसावयास ते विशेषण आहे. काळा, उंच, आजारी यांसारखे. म्हणजे ज्याला ते लावावयाचे त्याच्या ठिकाणी काही गुण वसत असावा, असा भास होतो. परंतु त्यातील प्रत्यय पाणिनीने ज्यांना ‘कृत्य’ म्हटले त्यांपैकी आहे. पूज्य म्हणजे पुजण्यास योग्य, त्याज्य म्हणजे टाकावयाचे. त्याप्रमाणे स्पृश्य म्हणजे स्पर्श करण्यास योग्य. अशा शब्दांत कधी शक्यता सांगितलेली असते, तर कधी कर्तव्य. अदृश्य वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ‘अदृश्य’ हे वर्णन आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला हात मात्र सहज लागू शकतो. म्हणूनच तो लावू नये असे सांगावे लागते. तेव्हा ‘अस्पृश्य’ हे वर्णन नसून निषेध आहे. तो विशेषणाचा अंगरखा घालून वावरतो, इतकेच. आज्ञा देणारा दृष्टीआड होतो आणि आज्ञेचा कलंक दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो. समाजातील एखादी सक्ती व्याकरणाच्या आधाराने निसर्गाचे रूप कसे घेते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

हा शब्द नाहीसा करावयाचा तर तो आधी उच्चारावा लागतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने जो अनुच्छेद संमत केला आणि जो आज १७ वा म्हणून ओळखला जातो, त्याने अस्पृश्यता नष्ट केली. त्यात या शब्दाची व्याख्या नाही. १९५५ च्या कायद्यातही नाही. दुकान म्हणजे काय, हॉटेल म्हणजे काय, पूजास्थान म्हणजे काय, हे तो कायदा सांगतो. मुख्य शब्दाबद्दल मौन पाळतो. व्याख्येचा आग्रह घटना समितीतही धरला गेला होता. नंतर म्हैसूर उच्च न्यायालयापुढे सामाजिक बहिष्काराचे एक प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधले. घटनेत तो शब्द अवतरणचिन्हांत घातलेला आहे. म्हणून त्याचा अक्षरार्थ किंवा व्याकरणार्थ घ्यावयाचा नाही. या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली तिचेच ते नाव समजावयाचे. ज्या दोन चिन्हांकडे एखादा मुद्रक लक्षही देणार नाही, त्यांवर एका अनुच्छेदाचा अर्थ उभा राहिला.

येथे बाजू पालटलेली दिसेल. ‘सार्वजनिक’ शब्दाच्या बाबतीत अवयवार्थ धरून बसण्यात न्याय होता. ‘अस्पृश्यता’ शब्दाच्या बाबतीत तसे केले, तर साथीच्या रोग्याला वेगळे ठेवणारा डॉक्टरही गुन्हेगार ठरेल, आणि ज्यांच्यासाठी तो अनुच्छेद लिहिला ते गर्दीत हरवतील. तेथे रूढ अर्थच धरावयास हवा, कारण दुःख त्या रूढ अर्थाचे होते. तरी वाद मिटलेला नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या शबरीमला निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी स्त्रियांना विटाळाच्या कल्पनेवरून दूर ठेवणे हेही १७ व्या अनुच्छेदात येते असे म्हटले, तर न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी विरोधी निकालपत्रात तो अनुच्छेद जातिमूलक अस्पृश्यतेपुरताच आहे असे मानले. शब्द रुंद करावा की मूळच्या जखमेशी बांधून ठेवावा, हा प्रश्न प्रामाणिक माणसांतही मतभेद घडविणारा आहे. शब्दाचा योग आणि शब्दाची रूढी, यांपैकी एकच नेहमी न्यायाची कैवारी असते असे मानणारे सिद्धान्त त्यामुळेच अपुरे पडतात.

ज्यांना हा शब्द चिकटविला गेला, त्यांनी कोणाच्या सिद्धान्ताची वाट पाहिली नाही. मद्रास इलाख्यात १९२२ मध्ये सरकारी दप्तरात ‘आदि-द्रविड’ हे नाव आले. पंजाबात १९३१ च्या खानेसुमारीत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म ‘आद-धर्मी’ असा नोंदविला. ‘हरिजन’ हे नाव गांधीजींनी सद्भावनेने प्रचारात आणले. पण १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात ते कायद्याचा शब्द म्हणून आले, तेव्हा आंबेडकर आणि त्यांचे सहकारी निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. दिलेले नाव आणि घेतलेले नाव यांत जो फरक आहे, तो अर्थकोशात सापडत नाही. ‘अनुसूचित’ या शब्दात प्रेम नाही, द्वेषही नाही. त्याचा अर्थ यादीत असलेला, एवढाच. या थंडपणामुळेच तो टिकला असावा. ‘दलित’ हे नाव मात्र १९७२ नंतर, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाल्यावर, कवितेतून आणि रस्त्यावरून सर्वतोमुखी झाले.

पण सर्वांत मोठा शब्दबदल १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या खानेसुमारीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. खानेसुमारीचा कारकून दारात उभा राहिला असता इतक्या माणसांनी एक शब्द नाकारला आणि दुसरा सांगितला. त्याची किंमतही मोजली. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत मोडण्यासाठी हिंदू असणे आवश्यक होते. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा थेट १९९० मध्ये. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या सवलती पूर्वीच चालू ठेवल्या होत्या, तरी केंद्राच्या दप्तरात चौतीस वर्षे हा माणूस स्वतः सांगतो ते नाव आणि त्याला मिळणारा हक्क एका ओळीत बसत नव्हते. एवढे करूनही गावाने त्याला काय म्हणावे, ते गावाच्याच जिभेवर राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या नावांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावयाची. निर्णय योग्यच होता. त्यास फार उशीर झाला, एवढेच म्हणता येईल. ‘समतानगर’ याचा यौगिक अर्थ कोणालाही कळण्यासारखा आहे. इतर आळ्यांतील माणसे तेथे जागा घेऊन घरे बांधू लागली, तर तो अर्थ खरा होईल. तसे झाले नाही, तर त्याच वस्तीचे दुसरे नाव एवढाच त्याचा रूढ अर्थ ठरेल, आणि काही वर्षांनी ‘तो समतानगरातला’ हे वाक्य पूर्वीच्याच स्वरात उच्चारले जाईल. यांपैकी काय घडते आहे, ते ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत दिसावयाचे नाही. एसटीतून उतरलेला परगावचा पाहुणा स्टँडवर पत्ता विचारतो आणि कोणी हात दाखवून उत्तर देतो, तेथे ते ऐकू येते.